नाव घेऊ नका

माझ्या आमाचं, म्हणजे आईचं, नाव मी तुम्हाला सांगणार नाही. विचारूही नका. उद्या तुम्ही आमच्या नाकथांग गावाला आलात, चुलीशी मांडी घालून बसलात, माझ्या हातचं दही वाटी चाटूनपुसून खाल्लंत आणि मग गोडीगुलाबीने विचारलंत, तरी सांगणार नाही. माझं नाव लुमो त्सो. ते खुशाल घ्या, मी अजून जिवंत आहे.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं नावही त्याच्याबरोबर जातं. घरातले फोटो जाळायचे, कपडे मठात द्यायचे. गावात त्याच नावाचं आणखी कुणी असेल तर ते लामांकडे जातं आणि नवं नाव मागून आणतं. गेलेल्याला एकोणपन्नास दिवसांची वाट चालायची असते, आणि मागून नावाने हाक आली की तो थांबतो. जिवंत माणूससुद्धा थांबतंच की. म्हणून आपण गप्प बसायचं. यात न समजण्यासारखं काय आहे ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण त्या सहलीच्या कंपनीला समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला.

कंपनी आमच्या घरात शिरली ती आमाच्याच चांगुलपणामुळे. पाच वर्षांपूर्वी ऐन जुलैत गारांनी रस्ता झोडपून काढला आणि शांघायकडच्या प्रवाशांची एक बस आमच्या फाट्यावर चिखलात रुतली. आमाने तीसच्या तीस माणसं घरात घेतली. चुलीत शेणी कोंबल्या, मीठ घालून दुधाचा चहा उकळला आणि प्रत्येकापुढे वाटी ठेवली. वाटीच्या तळाशी लोणी, त्यावर वाळवलेल्या चक्क्याचा चुरा, त्यावर भाजलेल्या जवाचं पीठ, म्हणजे आमचा त्साम्पा, आणि वरून चहा. ती माणसं पिठाकडे नुसती बघत बसली. एकाने गरम आहे म्हणून फुंकर मारली आणि शेजारच्या बाईचं तोंड पांढरं करून टाकलं.

आमा कडाडली, "फुंकतोस काय? आधी वरचा चहा पी! मग बोटं घाल. आणि वाटी फिरव रे, वाटी! बोटं काय फिरवतोस?"

भाषा कुणाला कळली नाही, ओरडा मात्र सगळ्यांना कळला. तासाभरात तीसही जणांनी आपापला गोळा मळून खाल्ला होता आणि दह्यासाठी पुन्हा वाट्या पुढे केल्या होत्या. जाताना दोन बायका आमाच्या गळ्यात पडून रडल्या. कशाला रडल्या देव जाणे.

महिनाभराने लान्झोऊहून त्या बसच्या कंपनीचा मॅनेजर वेई आला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. बोलायला मऊ, बूट दाराबाहेर काढणारा. त्याने करार आणला, आमाचा फोटो काढला आणि हमरस्त्याच्या फाट्यावर दोन माणसं उंच अशी पाटी उभी केली. पाटीभर आमाचा चेहरा, हातात वाटी, आणि खाली तिबेटी आणि चिनी अशा दोन्ही लिप्यांत तिच्या नावाचं घर. वेईने लोण्याचा चहा घुसळायचं एक लांबडं लाकडी नळकांडंही पाठवलं, कारण तिबेटी लोक लोण्याचा चहा पितात असं त्याच्या पुस्तकात होतं. पीत असतील ल्हासाकडे. आम्ही आम्दोची माणसं, आम्ही दुधाचा पितो. आमाने त्या नळकांड्यात लाटणी आणि छत्र्या ठेवल्या.

मग उन्हाळाभर बस यायला लागल्या. त्यात एक खेळ होता, आणि तो आमानेच काढला होता. बसमधून उतरलं की सगळ्यांनी दारासमोर उभं राहायचं आणि आमाला नावाने तीनदा हाक मारायची. चाळीस माणसं एका सुरात बोंबलायची. तिसऱ्या हाकेला आमा खिडकीतून डोकं बाहेर काढायची आणि म्हणायची, "बहिरी नाही मी मेल्यांनो! जेवायला या!" लोक टाळ्या वाजवायचे. जेवणानंतर ती आणि मी पोवळ्यांच्या माळा घालून दोन गाणी म्हणायचो. मला तो प्रकार फारसा आवडायचा नाही, पण आमाला आवडायचा. ती म्हणायची, "एवढ्या लांबून येतात, उपाशीपोटी कसं पाठवायचं?"

या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमा गेली. सकाळी गुरं दोहून आली, छातीत भरून आलंय म्हणाली, आडवी झाली आणि दुपारच्या चहाला उठलीच नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे माझा धाकटा भाऊ छाकथर आणि गावातले पुरुष आमच्या रीतीप्रमाणे तिला गिधाडांना द्यायला डोंगरावर घेऊन गेले. गिधाडांनी काहीही मागे ठेवलं नाही. छाकथरने परत येऊन एवढंच सांगितलं, आणि ऐकून सगळ्या घराला बरं वाटलं. आम्ही फोटो जाळले. मी पोवळं उतरवून ठेवलं, केस धुणं बंद केलं. मठातले भिक्षू आखू, म्हणजे माझे मामा, आमाचे सख्खे भाऊ, रोज येऊन पोथी वाचायला लागले.

वेईने आठवडाभर बस बंद ठेवल्या आणि फळांची करंडीही पाठवली. नवव्या दिवशी सकाळी अकरा वाजता बस आली.

मी चुलीशी होते. छाकथर दारात वाटी घेऊन बसला होता. बसचं दार उघडल्याचा आवाज आला, पावलं आली, आणि मग चाळीस माणसांनी मोठ्या आनंदाने माझ्या आमाचं नाव घेतलं. छाकथरच्या हातातली वाटी खाली पडली. पोथी वाचणाऱ्या आखूंचा आवाज थांबला. दुसऱ्यांदा घेतलं. मी पिठाच्या हातांनीच बाहेर धावले, पण तोवर तिसऱ्यांदाही घेऊन झालं होतं, आणि ते सगळे हसऱ्या तोंडांनी खिडकीकडे बघत उभे होते.

मी गाईडवर धावून गेले. गाईड म्हणजे शावो, आमच्याच शेजारच्या गावचा पोरगा, आमाच्या हातचं खाऊन वाढलेला.

"लाज नाही वाटली तुला?"

"आछे लुमो, शपथ घेतो, मी एक अक्षर बोललो नाही," तो खालमानेने म्हणाला; मला तो लहानपणापासून आछे, म्हणजे ताई, म्हणतो. "मी माइक हातातसुद्धा घेतला नाही. पण बसमध्ये कंपनीचा व्हिडिओ लागतो. फाट्यावर पाटी दिसते. त्यांना सगळं आधीच पाठ असतं."

"मग बंद कर तो व्हिडिओ!"

"बंद केला तर मलाच बंद करतील."

त्या दिवशी मी त्या लोकांना जेवायला घातलं, कारण दारात आलेल्या माणसाला उपाशी पाठवायचं नाही हे आमाचंच शिकवणं. पण वाट्या अशा आदळल्या की कुणी दही पुन्हा मागितलं नाही. ते गेल्यावर मी आखूंना विचारलं, काय झालं असेल.

आखू पोथी गुंडाळत म्हणाले, "काय होणार? वाटेवरचं माणूस. नऊ दिवस चालून गेली होती. मागे वळली असेल."

"परत चालायला लागेल ना?"

"लागेल. पण किती वेळा वळवणार तिला? एकोणपन्नास दिवसांत पोचायचंय, लुमो. ती काही तरुण नाही."

बस दर दोन-तीन दिवसांनी येणार होती. म्हणजे अजून सोळाएक बस, आणि प्रत्येक बसच्या तीन हाका. मी आकडा मनात केला : पन्नासेक हाका.

अकराव्या दिवशी पुन्हा तेच झालं. मी संतापून वेईला फोन केला तेव्हा तो स्वतः आला. बूट काढून आत बसला, चहा घेतला, माझ्या न धुतलेल्या केसांकडे बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

"लुमोबाई, मला खरंच वाईट वाटलं," तो म्हणाला. "पण हंगाम मध्यावर आहे. लोकांनी त्या नावासाठी पैसे भरलेत. मी एक मार्ग काढलाय. तुमच्या शेजारच्या त्या आजी आहेत ना? दोन-तीन महिने त्यांनी खिडकीत बसावं. वय तेच, सुरकुत्या त्याच. प्रवाशांना कळायचंही नाही."

शेजारच्या आने चाकमो, आने म्हणजे आत्या, तिथेच भिंतीशी जपमाळ ओढत बसल्या होत्या. त्यांना चिनी येत नाही, म्हणून शावोने त्यांना ते सांगितलं. आनेंनी माळ थांबवली.

"त्याला म्हणावं, तो मेला की त्याच्या बायकोशेजारी मी कुणालातरी बसवते. वय तेच, मिशा त्याच. तिलाही कळायचं नाही."

वेईने शावोकडे बघितलं. शावोने घाम पुसला आणि म्हणाला, "आजी म्हणतात, विचार करून सांगते."

मी हसले नाही. इतर वेळी लोळून हसले असते.

"पाटी उतरवा," मी वेईला म्हणाले. "व्हिडिओ बंद करा. माणसं आणायची तर आणा, मी जेवायला घालते. पण नाव नाही, गाणं नाही, पोवळं नाही."

"मग त्यात तिबेटी काय राहिलं?" वेईने विचारलं. अगदी मनापासून विचारलं, बिचाऱ्याने. शेवटी तो म्हणाला, पाटी त्याच्या हातात नाही, त्यासाठी तालुक्याच्या कचेरीत अर्ज करावा लागेल.

म्हणून तेराव्या दिवशी मी आणि छाकथर कंपनीच्या तालुक्याच्या कचेरीत गेलो. टेबलामागे एक मुलगी होती, नखं रंगवलेली, आवाज गोड. तिने अर्ज पुढे केला.

"कुठल्या पाटीबद्दल आहे?"

"नाकथांग फाट्यावरच्या."

"तिथे आमच्या तीन पाट्या आहेत. नाव सांगा."

"चेहरा आहे ती."

"नाव लिहावं लागतं, बाई. पहिलाच रकाना तो आहे."

मी छाकथरकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. आम्ही ते नाव उच्चारायचं नाही, लिहायचंही नाही. लिहिलेलंही कुणीतरी वाचतंच.

"रकाना मोकळा ठेवते," मी म्हणाले.

"मोकळा असला तर अर्ज घेता येत नाही."

"मग तूच लिही ना. तुझ्या वहीत असेल."

"मी कशी लिहिणार? अर्ज तुमचा आहे." तिला वाटलं मला लिहिता येत नाही, म्हणून तिचा आवाज आणखी गोड झाला. तिने वही उघडली, बोट फिरवत खाली आणलं आणि मदत म्हणून, अगदी स्पष्ट उच्चारात, ते नाव मोठ्याने वाचलं. "हीच का?"

छाकथरने टेबलावर मूठ आपटली. पेनं उडाली, मुलगी खुर्चीसकट मागे सरकली. माझा भाऊ आयुष्यात कुत्र्यावरसुद्धा हात उगारत नाही. तो तसाच उलट्या पावली बाहेर गेला आणि पायरीवर दोन्ही कान धरून बसला.

मी मुलीची माफी मागितली आणि आईचं निधन झाल्याचं सांगितलं. तिलाही वाईट वाटलं. ज्याला त्याला वाईटच वाटत होतं. तिने पाटी उतरवण्याची कारणं वाचून दाखवली : मोडतोड, पत्ता बदलला, मालक बदलला. मरणाचं कारण यादीत नव्हतं. तिने मालक बदलला यावर खूण केली आणि म्हणाली, लान्झोऊहून मंजुरी यायला साठ दिवस लागतील, सुट्ट्या सोडून.

"साठ आधी येतात की एकोणपन्नास?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"काही नाही," मी म्हणाले आणि अर्ज तिच्या टेबलावरच ठेवून उठले.

परत येताना छाकथर गाडी चालवत होता. फाट्यावर आमा दिसली. डोंगराएवढी दिसत होती, उन्हात हसत होती. आम्ही दोघांनी मान खाली घातली आणि तिच्यासमोरून गेलो. आणि तिथे मला राग आला. तोवर दुःख होतं, चिडचिड होती. खरा राग तिथे आला. आपल्याच आईसमोरून चोरासारखं तोंड लपवून जायचं? कुणाच्या मंजुरीसाठी?

चौदाव्या दिवशी सकाळी मी अंगणात पांढरी माती कालवली. मठाचे स्तूप दरवर्षी रंगवतो ती, खाणीतली. स्तूपाच्या मातीत घालतात तसं तिच्यात दूध घातलं, सकाळचं सगळं.

छाकथरने विचारलं, "आछे, काय करतेस?"

"शिडी घे."

त्याला कळलं. त्याचा चेहराच उतरला. "आमाच्या तोंडावर माती फासणार?"

"दूध घातलंय."

"दूध घातलं म्हणून काय झालं! मी नाही करणार. तुला पाटीच तोडायची असेल तर तोडू, कुऱ्हाड आणतो."

"कुऱ्हाड घालशील? त्या तोंडावर?"

लोखंडी खांब होते, पत्रा होता, कुऱ्हाडीने काय होणार होतं? "तू फक्त शिडी धर," मी म्हणाले. "वर बघू नकोस."

फाट्यावर पोचलो तेव्हा दहा वाजले होते. मी आधी नाव पुसलं. तिबेटी अक्षरं पुसताना डोळे मिटले होते, नुसता हात चालवत होते. चिनी अक्षरं मला फारशी वाचता येत नाहीत, ती उघड्या डोळ्यांनी पुसली. मग वाटी पुसली, हात पुसले, हनुवटी पुसली. पाटी तापलेली होती, माती लावली की लगेच वाळत होती. शिडी वर सरकवली आणि मी तिच्या गालाशी आले. तिच्या एका सुरकुतीत माझा अख्खा हात मावत होता. मला वाटलं होतं मी रडणार नाही, पण नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ब्रश धरलेल्या हाताने ते पुसता येईना.

तेवढ्यात बस आली. फाट्यावर पाटीसोबत फोटो काढायला बस नेहमीच थांबायची. माणसं उतरली. त्यांना शिडी दिसली, मी दिसले, अर्धा चेहरा दिसला. त्यांना वाटलं पाटी नव्याने रंगवतायत. लाल टोपीवाल्या एकाने फोन वर धरला आणि हात हलवत नाव घेतलं. पाठोपाठ सगळ्यांनी घेतलं.

माझ्यासमोर तिचे डोळे होते. माझ्या डोक्याएवढा एकेक डोळा. नावाची हाक माझ्या पाठीवरून तिच्यावर आदळली, आणि मला खरंच वाटलं की ती आता त्यांच्याकडे बघणार.

मी शिडीवरच वळले. माझं चिनी बाजारापुरतं आहे, पण त्या दिवशी पुरलं.

"गप्प बसा! ही माझी आई आहे! ती मेली! आज चौदा दिवस झाले! तुम्ही हाक मारली की ती थांबते. तिला लांब जायचंय. थांबवू नका तिला!"

एकेक करून फोन खाली आले. लाल टोपीवाला तेवढा फोन धरून उभा होता. त्याच्या शेजारच्या एका पिकल्या केसांच्या बाईने त्याचा हात धरला आणि खाली केला.

शावो बसच्या पायरीवर होता. त्याचा फोन वाजत होता. त्याने उचलला आणि लांब धरला, तरी वेईचा आवाज मला शिडीवर ऐकू आला.

"कुणीतरी पाटी खराब करतंय म्हणून ड्रायव्हर सांगतोय. कोण आहे? शावो, तिला थांबव! तो करारभंग आहे! आजपासून एकही बस तिथे थांबणार नाही, सांग तिला!"

शावोने माझ्याकडे बघितलं.

"ऐकलं," मी वरून म्हणाले. "सांग त्याला, ऐकलं. आणि हेही सांग की नाही थांबली तरी माझी चूल विझणार नाही. आम्ही बस यायच्या आधीही जेवतच होतो."

शावोने फोन बंद केला, कंपनीचं निळं जाकीट काढून पायरीवर ठेवलं आणि मातीच्या बादलीपाशी आला.

"आछे, दुसरा ब्रश आहे का?"

"नोकरी जाईल तुझी."

"गेलीच आहे. त्याने आता बघितलं नसलं तरी तो लाल टोपीवाला दाखवेलच. ब्रश दे."

ब्रश एकच होता. त्याने अंगातल्या बनियनचा बोळा केला आणि बसच्या टपावर चढण्याची शिडी काढून दुसऱ्या बाजूने वर आला. कपाळ त्याने पुसलं, केस त्याने पुसले. डोळ्यांपाशी आल्यावर थांबला आणि म्हणाला, "हे तू कर."

मी केलं. आधी डावा, मग उजवा. "जा आमा," म्हणाले, "इथे कुणी तुझ्या ओळखीचं नाही." खोटं होतं, खाली छाकथर शिडी धरून हुंदके देत होता. पण मला ती जायला हवी होती.

मी खाली उतरले तेव्हा पाटी नुसती पांढरी होती. लाल टोपीवाल्याने विचारलं, "मग आता आम्ही जेवायचं कुठे? आम्ही जेवणासकट पैसे भरलेत."

त्याला दोन शिव्या घालाव्यात असं वाटलं. पण बारा वाजत आले होते, आणि माणूस भुकेलं होतं.

"माझ्या घरी," मी म्हणाले. "दार उघडंच असतं. त्साम्पा आहे, दही आहे, उकडलेलं मटण आहे. गाणं मिळणार नाही. नाव घेतलं तर हाताला धरून बाहेर काढीन."

बावीस जण आले. बाकीचे बसमध्ये बसून राहिले, त्यात तो लाल टोपीवालाही होता. बावीस जण मांडी घालून बसले आणि मी त्यांना वाटी कशी फिरवायची ते शिकवलं. एकाचं पीठ उडालं तेव्हा कुणी हसावं की नाही ते कळेना, म्हणून आने चाकमोच आधी हसल्या. मग सगळे हसले. आतल्या खोलीत आखू पोथी वाचत होते, ते त्यांनी आवाज न चढवता चालू ठेवलं. पिकल्या केसांच्या बाईने तीन वेळा दही घेतलं आणि जाताना माझे मातीने पांढरे झालेले हात हातात धरले. त्या पाच वर्षांतली ती पहिली प्रवासी असेल जिने घरातून जाताना एकही प्रश्न विचारला नाही.

त्यानंतर बस आली नाही. शावोची नोकरी गेली, तो आता छाकथरबरोबर मेंढ्या बघतो आणि रोज आपल्याच निर्णयाला शिव्या देतो, पण सोडून जात नाही. कंपनीने पलीकडच्या खोऱ्यात दुसरी एक म्हातारी शोधली आणि तिची पाटी उभी केली. ती जिवंत आहे तोवर ठीक आहे. वेईने मला नुकसानीची नोटीस पाठवली. मी त्या नोटिशीने चूल पेटवली आणि हे त्याला फोन करून सांगितलं.

एकोणपन्नासावा दिवस आला तोवर कुरणं पिवळी पडायला लागली होती. पस्तीस दिवस तिला कुणी हाक मारली नव्हती. मी मोजले होते. मठातून दहा भिक्षू आले, दिवे लागले, सगळ्या गावाला जेवण घातलं. उन्हं कलताना आखूंनी पोथी बांधली आणि म्हणाले, "पोचली." एवढंच म्हणाले. सगळे आपापल्या घरी गेले. छाकथर गुरांकडे गेला.

मी एकटी चुलीशी बसले. वाटीत त्साम्पा मळत होते, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते नाव आता संपलं. गावात ते कुणी ठेवणार नाही, कुणी घेणार नाही. शांघायच्या, ग्वांगझोऊच्या, कुठल्या कुठल्या हजारो माणसांनी ते पाच वर्षं घसा फोडून घेतलं होतं. त्या नखं रंगवलेल्या मुलीनेही घेतलं होतं. मी कधीच घेतलं नव्हतं. आईला नावाने कोण हाक मारतं? मी तिला जन्मभर आमाच म्हटलं. जगात ज्याने त्याने ते नाव एकदा तरी तोंडात घोळवलं होतं, एक मी सोडून.

घरात कुणी नव्हतं. दार लोटलेलं होतं. फक्त एकदा, हळू आवाजात, भिंतीलाही कळणार नाही असं. ती तर पोचली होती, आता तिचं काय बिघडणार होतं? माझी जीभ टाळूला लागली. पहिलं अक्षर ओठांपर्यंत आलं.

जे कंपनीला करू दिलं नाही, ते स्वतःला कसं करू देणार? मी वाटीतला सगळाच्या सगळा गोळा उचलला आणि तोंडात कोंबला. श्वास घ्यायलाही जागा उरली नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, घशात पीठ अडकत होतं, आणि मी चावत राहिले, ते अक्षर त्या पिठाबरोबर खाली जाईपर्यंत चावत राहिले.